मधल्या आळीतले हुसेन मिस्त्री

हुसेन मिस्त्री कुठलंही काम हातात घेण्याआधी एक अख्खा दिवस त्या घरासमोर नुसते बसून काढायचे. सकाळी नळाला पाणी यायच्या सुमारास यायचे, समोरच्या ओट्यावर रुमाल अंथरायचे आणि दिवे लागेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. हातात टेप नाही, ओळंबा नाही, कागद नाही. घरमालक दोनदा दारातून डोकावून जायचा आणि तिसऱ्यांदा न राहवून विचारायचा, "मिस्त्री, कामाला कधी लागताय?"

"लागलोय की," ते म्हणायचे. "बघू द्या की जरा."

शिरूरच्या जुन्या पेठेत ते असे कुणाच्या दारासमोर बसलेले दिसले की आळीला कळायचं, आता हे घर पडणार आणि नवं उभं राहणार. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मी मामा म्हणायचे. मामा गेले त्याला आता वर्ष होत आलं.

आमची ओळख झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता, रांजणगावला एका शेडच्या कामावर सहा महिने काढले होते आणि मग शिरूरमधल्याच एका इंजिनिअरच्या ऑफिसात लागले होते. माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे मधल्या आळीतलं अनिलशेठचं घर.

मधली आळी बाजारातून निघते आणि नदीकडे उतरत जाते. कंपनीची बस आत शिरू शकत नाही इतकी ती अरुंद. शिफ्टची पोरं मोठ्या रस्त्यावर उतरतात आणि डबे हलवत चालत आत येतात. ही पोरं भाड्यानं खोल्या मागायला लागली तेव्हापासून आळीतली घरं वर वाढायला लागली. एका घराला लाकडी सज्जा, त्याला लागून चकचकीत टाइल्स लावलेला दर्शनी भाग, त्यापुढं अजून पत्रे, असा सगळा मेळ. अनिलशेठ पुण्यात राहायचे. त्यांचे वडील धोंडूशेठ गेल्यापासून इथलं घर बंदच होतं. ते पाडून खाली दोन दुकानं आणि वर दोन मजले खोल्या, असा नकाशा आमच्या ऑफिसनं केला होता. जुन्या घराची मोजणी माझी होती, खाली सहीही माझी. ती मोजणी मी तासाभरात उरकली होती.

मंजूर झालेला नकाशा घेऊन, नवंकोरं हेल्मेट घालून मी आळीत गेले, तर समोरच्या ओट्यावर पांढऱ्या टोपीतला, दाढी मेंदीनं लाल झालेला एक माणूस मांडी घालून बसलेला.

"ताई, इंजिनेर तुम्हीच का?"

"हो."

"मग बसा."

"मला आखणीचं बोलायचंय, मिस्त्री."

"बोलू की. घर काय पळून जातंय व्हय? आळी मातर सकाळची येगळी असती आन् दुपारची येगळी. बसा."

मी बसले नाही. त्याचं कारण हेल्मेट नव्हतं. माझे वडील कंपनीत, आमचं घर गावाच्या कडेला, बुद्धविहाराच्या मागं. आई या आळीत खरेदीला यायची, पिशव्या जड झाल्या तर या हातातून त्या हातात घ्यायची, पण कुणाच्या ओट्यावर टेकायची नाही. का, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मला विचारावं लागलं नव्हतं. मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग उठले, रुमाल उचलला, झटकला आणि दुप्पट लांब अंथरला. स्वतः एका टोकाला सरकून बसले. दुसऱ्या टोकावर मी बसले.

दुपारपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. ते मधूनच हनुवटीनं खूण करायचे आणि मी तिकडं बघायचे. भाजीवालीनं अनिलशेठच्या ओट्यावर पाटी उतरवली, मान मोकळी केली, पाणी प्यायली. शाळेच्या मुली तिथं पाय टेकवून बुटाच्या लेस बांधून गेल्या. शेजारच्या घरात सुमनकाकूंचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. ते इतकं चिंचोळं की आत एका वेळी एकच बाई मावायची, बाकीच्या अनिलशेठच्या ओट्यावर पिशव्या मांडीवर घेऊन बसायच्या. अकराच्या सुमाराला सोपानआबा आले. हे पूर्वीचे पोस्टमन. आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. उजवा हात भिंतींवरून फिरवत ते आळीभर चालायचे. ओट्याच्या कोपऱ्याला हात लागला तसे ते थांबले, वळले आणि बरोबर मापात खाली बसले.

"आत्तापातूर किती जण टेकलं?" मामांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"चौदा. आता दावा तुमचा नकाशा."

मी नकाशा उलगडला. त्यांनी दर्शनी बाजूवरून बोट फिरवलं. "ह्यात ओटा कुठाय?"

"ओटा नाही. शटर थेट रस्त्याच्या कडेला येतं. दुकानाला दीड फूट जास्त मिळतं."

"आन् आबांनी कुठं टेकायचं?"

"जागा मालकाची आहे ना, मामा." मामा हा शब्द तेव्हा पहिल्यांदा तोंडातून गेला.

"व्हय. मालकाचीच हाय," ते म्हणाले आणि तो विषय त्यांनी तिथंच सोडला. बोट पुढं सरकलं. "आन् ही सुमनबाईंच्या बाजूची भिंत? ही कुणाची दावलीय?"

"अनिलशेठची. उताऱ्यावर तशीच आहे."

"उताऱ्यावर आसंल," ते म्हणाले. "चला, पाणी पिऊन येऊ."

सुमनकाकूंच्या दुकानात त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि पिताना मान वर केली ती बराच वेळ खाली केली नाही. मीही वर पाहिलं. जुना लाकडी मजला, त्याखाली सात तुळया. त्यांचं एकीकडचं टोक काकूंच्या स्वतःच्या भिंतीत, आणि दुसरीकडचं मधल्या भिंतीत शिरलेलं. म्हणजे आम्ही जी पाडणार होतो त्या भिंतीत. खाली बरोबर तिथंच काकूंचं शिलाई मशीन होतं. "हितं बसून किती वर्सं झाली?" मामांनी विचारलं. "वीस," काकू दोरा तोडत म्हणाल्या. "का हो?" "काही न्हाई. पाणी ग्वाड हाय तुमचं."

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताई, आपण भिंत काढली तर बाईंचा मजला कशावर ऱ्हाईल?"

मी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. सर कामात होते. जुन्या पेठेत दोन घरांच्या दोन भिंती एकमेकींना चिकटून असतात, त्या एकच वाटतात, ते म्हणाले. उतारा बघ. अनिलशेठनं सोमवारी जेसीबी सांगितलाय. तासाभरात केलेली मोजणी चुकली असं स्वतःच्या तोंडानं कसं म्हणायचं, हेच दोन दिवस मनात घोळत राहिलं.

मामांना जुन्या घरांचं फार प्रेम होतं असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. लोक पडणाऱ्या घरासमोर उभे राहून हळहळायला लागले की ते चिडायचे. "आत ऱ्हाऊन बघा की म्हनावं," ते म्हणायचे. "आंधारं जिनं, समद्यांत मिळून एक मोरी. पडू द्या. निस्तं पडताना शेजाऱ्याचं घिऊन पडू ने."

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा जेसीबी आळीच्या तोंडातून कसाबसा आत आला होता. चालवणारा उत्तर प्रदेशातला होता. "मॅडम, सेठजी का फोन आया, चालू करूँ क्या?" तो विचारत होता. आणि जेसीबीच्या दातांसमोर मामांची सायकल उभी होती, कुलूप लावलेली. मामा शांतपणे चहा पीत होते.

"मामा, सायकल काढा ना."

"चावी घावंना," त्यांनी टोपी काढून आत पाहिलं, परत घातली. चावी टोपीतच होती, मला दिसली. "ती घावंस्तवर आपण एक बघून यिऊ."

हातात छिन्नी-हातोडा घेऊन ते मला अनिलशेठच्या बंद घरात घेऊन गेले. शिडी लावली. आदल्या दिवशी त्यांनी काकूंच्या दुकानात दोरी धरून तुळयांची उंची मोजून आणली होती. त्या उंचीवर त्यांनी आमच्या बाजूनं गिलावा फोडला, मग विटांचा एक थर, मग आतली पांढरी माती बोटांनी उकरली. "या वर," ते म्हणाले. मी शिडीवर चढले आणि त्या भोकात हात घातला. बोटांना लाकूड लागलं. काकूंच्या तुळईचं टोक, भिंतीच्या पार पोटात आलेलं. दोन भिंती नव्हत्याच. एकच होती.

मी शिडीवरूनच अनिलशेठना फोन लावला. ते ओरडले. परवानगी झालीय, जेसीबी उभा आहे, मोजणीवर तुमचीच सही आहे ना, मग आता काय?

"सही माझी आहे म्हणूनच सांगते," मी म्हणाले. "मोजणी माझी चुकली. काम थांबवा."

मी फोन ठेवला. मामांनी शिडी धरून ठेवली होती. मी खाली उतरल्यावर त्यांनी चहा मागवला.

"मामा, माझं काम जाईल."

"जाऊ द्या. माझ्याकडं विटा उचलाया या. पन सांगते, माझ्याकडं शिव्या खाव्या लागत्यात." ते बायकांसारखं 'सांगते' म्हणाले ते मला हसवायला. मी हसले आणि मग रडलेही.

काम गेलं नाही. दुपारी अनिलशेठ पुण्याहून आले, त्या भोकात त्यांनीही हात घालून पाहिला, आणि तोंड वाकडं करत का होईना, मान्य केलं. आधी काकूंच्या बाजूनं विटांचे दोन खांब आणि लोखंडी गर्डर घालून तुळया त्यावर घ्यायच्या, मग भिंत हातानं उतरवायची. जेसीबी परत गेला. सायकलची चावी सापडली.

आता अडल्या सुमनकाकू. काम होईपर्यंत घर रिकामं करायचं म्हटल्यावर त्या मशीनसमोरून उठेचनात.

"मी नाही जायची," त्या म्हणाल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी रूपाली कंपनीत पहिल्या शिफ्टला. "एकदा बाईमाणूस घराबाहेर पडलं की घर आपलं राहत नाही, मिस्त्री. या आळीत दोन घरं गेलेली बघितलीत मी. महिनाभर म्हणून बाहेर काढलं, अजून बाहेरच आहेत."

अनिलशेठ समजावत होते, मी कागद दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जैबुनमामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बरोबर घेऊन आले. मामी दुकानात जाऊन काकूंसमोर बसल्या. "माझी वसरी मोकळी हाय," त्या म्हणाल्या. "उजेड चांगला येतोय. मशीन तिथं लावा. रूपालीला घिऊन ऱ्हावा बी. मी दिवसभर येकलीच असती."

"आणि घर?"

मग मामा बोलले. "कुलूप तुमचं, किल्ली तुमच्यापाशी. रोज सकाळी तुम्ही यायचं आन् दार उघडायचं. तुम्ही उघाडल्याबिगर माझा मानूस आत पाय ठिवनार न्हाई. सांच्याला तुम्हीच कुलूप लावायचं."

आणि तसंच झालं. रोज सकाळी मामा, दोन बिगारी आणि मी काकूंच्या दाराशी उभे असायचो. काकू कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत आळीतून यायच्या, कुलूप काढायच्या, "करा" म्हणायच्या आणि मामींच्या ओसरीवर शिवायला निघून जायच्या. एकदा त्यांना तासभर उशीर झाला. मी म्हटलं, मामा, कुलूप तोडून नाही पण कडी सरकवून घेऊ. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत कधी तसं म्हणाले नाही.

खांब झाले, गर्डर चढला, सातही तुळया त्यावर आल्या. तोवर तिकडं अनिलशेठच्या घराचा दर्शनी भाग ओट्यासकट उतरवून झाला होता. पाचव्या दिवशी भिंत उतरवायला घेतली. मामा वरच्या थरावर, दोन्ही बिगारी त्यांच्या बाजूला, मी खाली. दुपारी तीनच्या सुमाराला भिंतीच्या पोटातून पांढरी माती गळायला लागली. गोणीला भोक पडल्यावर पीठ सांडावं तशी, बारीक आणि एकसारखी. मला ते गमतीचं वाटलं. मामांना नाही वाटलं.

"खाली! समदी खाली व्हा!"

त्यांनी एका बिगाऱ्याला पाठीवर थाप मारून ढकललंच. दोघं उड्या टाकून बाजूला झाले. मामा शेवटी उतरले आणि शेवटच्या पायरीवर असताना भिंत आली. मोठा आवाज झाला नाही. धप्प असा, ओल्या पोत्यासारखा आवाज झाला आणि आळी पांढरी होऊन गेली. काही वेळ मला माझे हात दिसत नव्हते. मी "मामा, मामा" ओरडत होते आणि धुळीतून त्यांचा आवाज आला, "ओरडू नगा, पोरी. हाय मी. पाय तेवढा अडाकलाय."

धूळ बसली तेव्हा आळीतली सगळी माणसं आपापल्या दारात होती. पडलेली भिंत निम्मी आमच्याकडं पडली होती, निम्मी काकूंच्या दुकानात. पण मजला गर्डरवर जसाच्या तसा उभा होता. भिंतच नाहीशी झाल्यानं काकूंची वरची खोली उघडी पडली होती. मांडणीवरच्या कपबशा, खुंटीवरचा रूपालीचा कंपनीचा शर्ट, कपाटाचा आरसा, सगळं जागच्या जागी, अख्ख्या आळीला दिसत होतं. एक कपसुद्धा खाली आला नव्हता.

काकू अनवाणी धावत आल्या. गळ्यात मापाची पट्टी तशीच. त्यांनी वर पाहिलंच नाही. चार दिवसांपूर्वीपर्यंत जिथं मशीन होतं तिथं छातीएवढा विटामातीचा ढीग होता, त्याकडं त्या बघत राहिल्या. मग मामांच्या अडकलेल्या पायावरच्या विटा स्वतः उपसायला लागल्या.

मामांच्या पावलाची दोन हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी अनिलशेठ आले तेव्हा मामा प्लास्टर घातलेला पाय एका डब्यावर ठेवून, घरासमोर खुर्चीत बसले होते. घरी थांबा म्हणून मामींनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, ऐकलं नाही. अनिलशेठ ढिगापाशी जाऊन उभे राहिले.

"काकू इथंच बसायच्या ना?"

"व्हय. वीस वर्सं."

अनिलशेठ आले आणि मामांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. "पुढचं तुम्ही म्हणाल तसं, मिस्त्री. भिंत नवी दोघांच्या मधोमध बांधू. पण ओटा तेवढा नको म्हणू नका. म्हणजे, ओटा मागू नका. दुकानदारानं दर्शनी जागा बघून दुकान घेतलंय."

"न्हाई मागत," मामा म्हणाले. "चहा घ्या."

चहा येईपर्यंत सोपानआबा आले. त्यांची ती नेहमीची चाल, हात भिंतीवर. अनिलशेठच्या घराशी आल्यावर हाताला भिंतच लागेना. हात हवेत चाचपडत पुढं आला आणि अनिलशेठच्या खांद्यावर पडला.

"कोन?"

"अनिल, आबा."

"कुनाचा अनिल?"

"धोंडूशेठचा."

"आरं! धोंडूचा तू?" आबांचा हात खांद्यावरून चेहऱ्यावर गेला. "तुझी मुंबैच्या कालेजातली चिठ्ठी यायची ना, ती मी हितंच बसून तुझ्या आयला वाचून दावायचो. तिला वाचाया येत नव्हतं. दोनदोनदा वाचाया लावायची." मग त्यांनी काठीनं खालची जमीन ठोकून बघितली. "पर वटा कुठं गेला रं? हितं तर वटा हुता."

अनिलशेठनी उठून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "येईल, आबा," ते म्हणाले. "नवा होईल." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मॅडम, शटर दीड फूट आत घ्या."

मामांनी चहाचा कप तोंडाला लावला होता. नंतरही त्यांनी कधी या गोष्टीचं श्रेय घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आबांनी केला. मी बसलो हुतो निस्ता, पाय मोडून."

ते बांधकाम मामांनी खुर्चीतूनच पूर्ण केलं, आणि खुर्चीतून त्यांनी मला काम शिकवलं. विटेला पाणी किती पाजायचं, ओळंबा हालायचा थांबल्याशिवाय वाचायचा नाही, गिलावा सपाट करायचा लाकडी रंधा फिरवताना खांदा सैल ठेवायचा. आळीतली माणसं आधी हसली. मग रोज बघायला यायला लागली. माझा पहिला थर वाकडा आला तेव्हा मामा म्हणाले, "मोडा. आता वाईट वाटतंय ते वाटू द्या. सा महिन्यांनी वाईट वाटलं तर मोडता येत न्हाई." मी मोडला. तिसऱ्या वेळी सरळ आला.

काकू आपल्या दुकानात परत आल्या. दुकानात आलेल्या नव्या खांबावर आधी कुरकुरल्या, मग त्याला खिळे ठोकून त्यावर धाग्यांची रिळं टांगली. शटरची दुकानं चालू झाली आणि ओट्यावर पहिल्या दिवसापासून बसायला जागा मिळेना. एका बाजारच्या दिवशी मी साइटवर शेवटचा हात फिरवत होते आणि आई पिशव्या घेऊन आली. मी बांधलेलं बघायला. वरपासून खालपर्यंत बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. मग पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि शेजारी टेकली. काकूंनी आतूनच विचारलं, "ताई, चहा घेणार का?" आई म्हणाली, "साखर कमी घाला."

त्या पायावर मामा पुन्हा परांचीवर चढू शकले नाहीत. वर्षभर त्यांनी लोकांची कामं खुर्चीतून केली, मग मुलानं ऐकलं नाही. मुलगा दौंडला रेल्वेत आहे. स्टेशनच्या पलीकडं त्यानं थोडी जागा घेतली होती, तिथं घर बांधायचं आणि आईवडलांना घेऊन जायचं ठरलं. इतकी वर्षं गावाची घरं बांधणारे मामा शिरूरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या पत्र्याच्या घरात राहत होते. नकाशा कुणी करायचा, हा प्रश्नच नव्हता.

एका रविवारी आम्ही तिघं दौंडला त्या मोकळ्या जागेवर उभे होतो, मामा काठी टेकून, मामी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. एक मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत कुणाला काही बोलता येत नव्हतं. ती गेल्यावर मी वही उघडली.

"सांगा मामा, कसं घर पाहिजे?"

मामा इकडंतिकडं बघायला लागले. खोकले. "मला काय इचारता? चार भिती, वर स्लॅब. पुढं हाल, मागं सैपाकघर. समद्यांचं असतं तसं."

मी तसं काढायला लागले.

"मला कुनी इचारनार हाय का?" मामी म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं. "बोल की."

"सैपाकघर रस्त्याकडं पायजे. मोठ्या खिडकीचं." मामींनी डबा खाली ठेवला. "लगीन झाल्यापासनं पत्र्याकडं त्वांड करून भाकरी थापली मी. तुम्ही दिवसभर आळीत बसायचं, आन् सांच्याला यिऊन सांगायचं, आज ह्यो आला हुता, त्यो गेला. मी ऐकायचं. मला बघायचंय."

"तू कवा बोलली न्हाईस."

"तुम्ही कवा इचारलं?"

मामांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. शेवटी मला म्हणाले, "ताई, हाल पुढं काढलाय ना? खोडा."

मग ते मामींपाशी गेले. "हात टेकव," म्हणाले आणि स्वतःची काठी आडवी धरली. मामींना कळेना. "खिडकीत हुबं ऱ्हायल्यावानी कर. कोपर कुठं यील?" मामी लाजल्या, इकडंतिकडं बघितलं, आणि काठीवर कोपर टेकवलं. मामा काठी जरा वर करायचे, जरा खाली करायचे, "आता? आता बरं वाटतंय?" असं विचारत. मामी हसत होत्या. मी टेप धरून उंची लिहून घेतली. या मोजणीला आम्हाला तासापेक्षा जास्त वेळ लागला.

त्या घराच्या बाकी भिंती दौंडच्या गवंड्यांनी बांधल्या. खिडकीचा कोपर टेकायचा कट्टा मात्र मामांनी स्टुलावर बसून, एका दिवसात, एकट्यानं बांधला. कुणाला हात लावू दिला नाही. त्या घरात ते अडीच वर्षं राहिले. थंडीत छातीचं दुखणं आलं आणि आठ दिवसांत गेले.

चाळिसावं झाल्यावर मी मामींना भेटायला गेले. कशी असतील, काय बोलायचं, याची मनात जुळवाजुळव करत स्टेशनवरून चालत होते. घर नजरेत यायच्या आधीच त्यांचा आवाज कानावर आला.

"कालचीच मेथी हाय ही! मला आंधळी समजतो का रं?"

हातगाडीवाला शपथा घेत होता. खिडकीत मामी होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, आणि कोपरं त्या कट्ट्यावर. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"पोरी, दार उघडंच हाय, ये आत. माझं हात भरल्यात." मी दाराकडं वळले तर म्हणाल्या, "थांब, आधी हितं ये. ती निळ्या साडीची बघ, गाडीवरची. शाळेत मास्तरीण हाय. रोज साडेनवाला जाती. आज उशीर झालाय तिला, पोराला बरं नसंल बहुतेक."

मी खिडकीशी रस्त्यावरच उभी राहिले आणि आम्ही दोघी तिची गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत बघत राहिलो.